आमची वाटचाल: दावीदाची गोफण आणि आमची बिलं

मुलांसाठी बायबलवरचे गेम बनवायच्या आमच्या धंद्यात पैसे देणारा वेगळा आणि खेळणारा वेगळा. पैसे देतात आई, आजी, चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या बाई नाहीतर पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. खेळतो आठ वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या फोनमध्ये क्रिकेटचे, गाड्यांचे फुकट गेम आधीच भरलेले असतात. आईला बायबलचं वचन पाठ झालेलं हवं, मुलाला पुढची लेव्हल. दोघांपैकी एकाचं जरी मन भरलं नाही तरी आमचा गेम फोनमधून उडालाच. पुण्याच्या वडगाव शेरीतल्या दोन खोल्यांत बसून आम्ही ख्रिस्ती गेमचं जे काही काम करतो, ते सगळं या एका पेचाभोवती फिरतं.

मी मूळचा नगरचा, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या वातावरणात वाढलेला. पण कंपनी काढली ती शाळांसाठी गणिताची ॲप बनवायला. शाळा वापरायच्या, कौतुक करायच्या आणि बिल मार्चवर ढकलायच्या. त्याच काळात एका जुन्या सहकाऱ्याने अमेरिकेतल्या एका संस्थेशी गाठ घालून दिली. तिथल्या चर्चसाठी मुलांचा अभ्यासक्रम छापणारी संस्था. आपल्याकडे मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा असते ना, तसं त्यांच्याकडे जून-जुलैत असतं, आणि त्यासाठी त्यांना छोटे गेम हवे होते. तिकडची चर्चं साहित्य हिवाळ्यातच निवडून ठेवतात. म्हणून आमची खरी धावपळ दिवाळीच्या तोंडावर असते, आणि घरच्यांना ते आजही पटलेलं नाही.

दर सांगण्याआधी मी या बाजाराचा मागचा इतिहास वाचून काढला. मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातली कलर ड्रीम्स ही कंपनी निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या परवान्याशिवाय तिच्या यंत्रांसाठी कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या डब्या बनवायची. निन्टेन्डोची नाराजी नको म्हणून दुकानदार तो माल ठेवायला बिचकायचे. मग कंपनीने विज्डम ट्री हे नाव घेतलं, १९९१ मध्ये नोहा, बाळ मोशे आणि दावीद यांचा ‘बायबल ॲडव्हेंचर्स’ काढला आणि तो ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत नेऊन ठेवला. तिथं निन्टेन्डोचा मालच नव्हता, मग दबाव कुणावर आणणार! पुढे १९९४ मध्ये त्यांनी बंदुकीच्या प्रसिद्ध ‘वुल्फेन्स्टाइन’ गेमचंच इंजिन, म्हणजे मूळ सांगाडा घेऊन नोहाचा गेम केला. त्यात नोहा तारवातल्या, म्हणजे प्रलयातल्या मोठ्या जहाजातल्या जनावरांवर बेचकीने खाणं फेकतो आणि ती झोपी जातात. कार्ट्रिज चालायला त्याच्या डोक्यावर दुसरं अधिकृत कार्ट्रिज खोचावं लागायचं. गेम म्हणून हे यथातथाच होते, पण आजी ज्या दुकानात बायबल घ्यायला जायची त्याच फळीवर ते होते. माझ्या मते या धंद्याची निम्मी कमाई तिथंच होती.

ती फळी आता राहिली नाही. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने २०१७ मध्ये आपली २४० दुकानं बंद केली, लाइफवेने २०१९ मध्ये १७०. आता सगळं ॲप स्टोअरवर आणि स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर. तिथं ख्रिस्ती गेमला वेगळा कोपरा नाही. सगळ्या जगाच्या गर्दीत उभं राहायचं. त्यात २०१३ पासून ‘बायबल ॲप फॉर किड्स’ फुकट आहे, स्क्रिप्चर युनियन या ख्रिस्ती संस्थेने ‘गार्डियन्स ऑफ अँकोरा’ही फुकटच काढला. देणगीवर चालणाऱ्याशी धंदेवाल्याने किमतीत झुंजू नये. नुसत्या चांगुलपणावरही विक्री होत नाही. २०१६ चा ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ घ्या. ग्रीन दांपत्याने आपल्या आजारी मुलावर केलेला तो गेम मला या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. लाखोंनी तो यूट्यूबवर कुणीतरी खेळताना पाहिला, आणि हाती अजून काही आलेलं नाही असं तेव्हा गेम बनवणाऱ्यांनीच जाहीरपणे लिहिलं. जाहिराती लावा, आत काय निघेल ते घेतल्यावरच कळणाऱ्या नशिबाच्या पेट्या विका, हे बाकीच्या गेमवाल्यांचे मार्ग आमच्या गिऱ्हाइकाला जुगारासारखे वाटतात. खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून आम्ही दुकानात उभं राहायचंच नाही असं ठरवलं. गेम मुलाला नाही, अभ्यासक्रमवाल्या संस्थेला विकायचा. रक्कम एकदाच ठरवायची, पैसे तीन टप्प्यांत.

त्यातही गंमत झाली. पहिली मोठी रक्कम आली तेव्हा बँकेने ती अडवून धरली. पाठवणाऱ्याच्या नावात ‘मिनिस्ट्रीज’ पाहून साहेबांना वाटलं देणगीच आली. एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालचा नंबर द्या म्हणाले. धंद्यातल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे त्या कायद्यात देणगी धरत नाहीत, हे सांगायला करार, इनव्हॉइस, एलयूटी (निर्यातीसाठी जीएसटीचं हमीपत्र) आणि आमचे सीए, सगळ्यांना घेऊन जावं लागलं. आता प्रत्येक बिलावर ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट’ ठळक असतं आणि तारवाचं चित्र नसतं.

आमच्या सहा जणांत दोघंच ख्रिस्ती. बाकीच्यांना आता बायबलमधली योनाची गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आमचा ॲनिमेटर पारनेरकडचा. राक्षसासारख्या गल्याथाला गोफणीने पाडणाऱ्या मेंढपाळ दावीदाचं काम आलं तेव्हा अमेरिकेहून आलेल्या नमुन्यात दावीदाच्या हातात रबराची बेचकी होती. हा म्हणाला, “दादा, मेंढपाळाच्या हातात ही कुठून आली? रबर होतं का तेव्हा?” आणि सोमवारी घरून गोफणच घेऊन आला. त्यांच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखतात, त्यातली. मधे विणलेला पट्टा, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरी दोरी मुठीत धरायची, गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी मूठ सैल करायची. मोकळ्या प्लॉटवर जाऊन आम्ही ते चित्रित केलं. पहिला गोटा उलट दिशेला, पत्र्यावर गेला. शेजारचे काका बाहेर आले.

त्यावरून गेमची सगळी चाल बदलली. बटण दाबून दगड मारणं गेलं. बोट स्क्रीनवर गोल फिरवायचं, वेग आला की उचलायचं. लवकर उचललं तर दगड ढालीवर, उशिरा उचललं तर इस्राएलाच्याच छावणीत. अमेरिकेतल्या संस्थेच्या बाईंना काळजी, मुलांना जमेल का? नगरच्या एका रविवारच्या शाळेत मुलांना खेळायला दिलं. आधी सगळेच आपल्या सैन्याला दगड मारून हसत होते, आणि मग फोन परत द्यायला कुणी तयार होईना. गोफण राहिली.

मराठीचं मात्र गणित अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार, शेकडा एकसुद्धा नाहीत. त्यातले सगळे घरी मराठी बोलणारे नाहीत. वसईचे कॅथलिक वेगळे, नगरचे प्रोटेस्टंट वेगळे. तोबिताच्या गोष्टीत देवदूत, कुत्रा आणि भलामोठा मासा एकत्र आहेत, गेमसाठी इतकं आयतं दुसरं काही नाही. पण ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या नाही, म्हणून निम्मं गिऱ्हाईक आधीच गेलं. निव्वळ मराठीवर पगार निघत नाहीत.

मग करारातच एक कलम घालायला लागलो: दर थोडा कमी घेऊ, पण भारतीय भाषांचे हक्क आमच्याकडे. चित्रं, कोड, संगीत सगळं अमेरिकेच्या पैशांत होतं. आम्ही फक्त आवाज आणि मजकूर बदलतो. वचनं पडद्यावर दाखवायची तर बायबल सोसायटीची परवानगी लागते, ती आधी मागायची. मराठी आवृत्ती मंडळ्यांना वर्षाच्या वर्गणीवर देतो, पैसे यूपीआयने. पाळकसाहेब घासाघीस करतात, पण पैसे वेळेवर देतात; शाळांपेक्षा बरे. मराठीपाठोपाठ मल्याळम केलं, आणि मागणी तिकडून जास्त आहे. मिझोची बोलणी चालू आहेत.

सध्या योसेफाचा गेम हातात आहे: सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ, कोठारं भरायची आणि वाटायची. धान्याचा हिशेब इतका पक्का बसलाय की गणिताच्या ॲपचे दिवस वाया गेले असं आता कुणी म्हणत नाही. या वेळी तिकडच्या वकिलाने भाषांच्या कलमावर हरकत घेतली आहे, उत्तर यायचं आहे. मराठी आवाजांचं रेकॉर्डिंग तरीही मे महिन्यात उरकून घेतोय. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की योसेफाचे अकरा भाऊ एका दिवशी जमवणं कठीण.