आमची वाटचाल : उकळत्या द्रवाचा हिशेब

आमच्या फर्मने पहिली काही वर्षे केवळ न उकळणाऱ्या द्रवांची कामे केली. पाइप, टाक्या आणि हीट एक्स्चेंजर यांतील प्रवाहाचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची गणिती नक्कल, करताना गणित आणि मोजमाप यांचा मेळ सहसा बसत असे, त्यामुळे उष्णतेचे शास्त्र आपल्याला चांगले अवगत आहे असा आमचा समज झाला होता. एका ग्राहकाने उकळत्या पाण्याने थंड ठेवायच्या तांब्याच्या पट्टीचे काम दिले आणि तो समज फार काळ टिकला नाही.

वातावरणीय दाबाखाली १०० अंश सेल्सिअसला एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते आणि आकारमान सुमारे १६०० पट होते; हा सारा व्यवहार बुडबुड्याच्या अत्यंत पातळ कडेवर चालतो. १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी मांडलेली, जागेचे लहान तुकडे (पेशी) पाडून प्रत्येक पेशीत द्रव किती आणि वाफ किती याचा हिशेब ठेवणारी व्हीओएफ (व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड) पद्धत आम्ही वापरली. पृष्ठताणाच्या गणनेत किंचित चूक राहिली तरी स्थिर बुडबुड्याभोवती खोटे प्रवाह फिरू लागतात, आणि तेच उष्णता वाहून नेत असल्याचे अतिशय देखणे रंगीत चित्र पडद्यावर उमटते. (अशी चित्रे आम्ही एकदा अभिमानाने ग्राहकाला दाखवलीही होती.) मेश, म्हणजे या पेशींची जाळी, बारीक करावा, तर पेशीची बाजू निम्मी केल्यावर पेशी आठपट होतात, पृष्ठताणामुळे काळाचा टप्पा सुमारे २.८ पट लहान घ्यावा लागतो आणि एकूण काम बावीस पटींहून अधिक वाढते. पूर्ण पट्टीवरचे सर्व बुडबुडे असे मोजणे आमच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून पट्टीसाठी आम्ही सरासरीवर आधारलेले सूत्र घेतले आणि अहवालात भिंतीच्या तापमानाचा एकच आकडा लिहिला. ग्राहकाच्या चाचणीत पट्टी त्याहून बरीच अधिक तापली. कारण सॉल्व्हरमध्ये, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये, नव्हते. आम्ही घेतलेल्या रोसेनाऊ यांच्या १९५२ च्या सूत्रात पृष्ठभाग आणि द्रव यांच्या जोडीसाठी एक गुणांक असतो. आम्ही तो खरवडलेल्या तांब्याचा घेतला होता आणि प्रत्यक्षातली पट्टी गुळगुळीत पॉलिश केलेली होती. गुळगुळीत पृष्ठावर बुडबुडे जन्मण्याच्या जागा कमी असतात, म्हणून तेवढीच उष्णता काढण्यासाठी भिंत अधिक तापावी लागते. उष्णता प्रवाह (दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी उष्णता) या गुणांकाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे गुणांक १० टक्के कमी धरला तर त्याच तापमानाला प्रवाह सुमारे ३७ टक्के जास्त दिसतो.

त्यानंतर आम्ही नवा संगणक घेण्याचा विचार बाजूला ठेवून काचेचे भांडे, हीटर आणि तापमान मोजणारे थर्मोकपल घेतले. आता ग्राहकाच्या धातूचा तुकडा आधी त्या भांड्यात उकळला जातो, गुणांक मोजला जातो, मगच सिम्युलेशन सुरू होते. त्यामुळे प्रत्येक काम लांबते, आणि हे आम्ही दर सांगतानाच स्पष्ट करतो.

उष्णतेच्या कमाल मर्यादेबाबत मात्र आम्ही अधिकच सावध असतो. १९३४ मध्ये नुकियामा यांनी पाण्यात तार तापवून दाखवले की एका मर्यादेपलीकडे वाफेचा थर तारेला वेढतो आणि तिचे तापमान एकदम उसळते. पाण्यासाठी वातावरणीय दाबाखाली ही मर्यादा दर चौरस मीटरला साधारण एक मेगावॉट असली, तरी ती पृष्ठभागानुसार सरकते. म्हणून तिचा नेमका आकडा देण्याऐवजी आम्ही किमान ते कमाल असा पल्ला देतो आणि त्याच्या बऱ्याच खाली काम करण्याची शिफारस करतो. नेमका आकडाच हवा असलेल्या एका ग्राहकाने यामुळे काम काढून घेतले, आणि ती रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती.

पहिल्या कामातली पॉलिश केलेली पट्टी ग्राहकाने परत नेली नाही. सॉल्व्हरची नवी आवृत्ती आली की सर्वांत आधी तिचेच तापमान पुन्हा काढले जाते, आणि ते ग्राहकाच्या त्या जुन्या चाचणीतील आकड्याशी ताडून पाहिल्याखेरीज नवी आवृत्ती कोणत्याही कामाला लावली जात नाही.