उताराचं तोंड कोणीकडे? सातपुड्याचा नकाशा करताना

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. गावातली मंडळी दोन वर्षांपासून टेकडीवर समतल चर खोदताय, रोपं लावताय, आणि मला कॉम्प्युटरचं थोडंफार येतं म्हणून माझ्याकडे काम आलं की कोणत्या उतारावर ऊन जास्त लागतं आणि कोणता थंड राहतो ते नकाशावर काढून दे. म्हणजे आस्पेक्टचा नकाशा. घराचं तोंड पूर्वेला असं म्हणतो ना आपण, तसं उताराचं तोंड. तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या दिशेला पळेल ती दिशा. उतार किती तीव्र ते स्लोप, आणि कोणीकडे बघतो ते आस्पेक्ट, बस.

उंचीचा डेटा फुकट मिळतो. मी एसआरटीएम घेतला, फेब्रुवारी २००० मधे एन्डेव्हर शटलने ११ दिवसांत रडारने जगाचा बहुतेक भाग मोजला होता तो, साधारण ३० मीटरचा पिक्सेल, म्हणजे जमिनीच्या तेवढ्या चौकोनाला उंचीचा एक आकडा. फाइलचं नाव एन२१ई०७५, म्हणजे २१ ते २२ अक्षांश, ७५ ते ७६ रेखांश. चोपडा, यावल यात येतं, रावेर शहर जेमतेम बाहेर पडतं आणि जळगाव अगदी खालच्या कडेला कारण २१ अंशाची रेघ शहराला खेटूनच जाते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आस्पेक्ट काढताना प्रत्येक पिक्सेलचे आजूबाजूचे आठ पिक्सेल बघितले जातात आणि फाइलच्या कडेला शेजारीच नसतात, म्हणून कडेची एक ओळ रिकामी सुटते. वेगवेगळ्या टाइलचे, म्हणजे अशा एकेका फाइलचे, आस्पेक्ट काढून नंतर जोडले की जळगावच्या खालून एक बारीक कोरी रेघ जाते. मी जीडाल वापरतो, नकाशाच्या डेटावर काम करणारं फुकट सॉफ्टवेअर, म्हणून आधी त्याच्या जीडालबिल्डव्हीआरटी कमांडने सगळ्या टाइल एकत्र करायच्या, मग पुढचं.

दुसरी पायरी जीडालवॉर्पने यूटीएम मधे आणायचं, म्हणजे अंशांऐवजी मीटरमधे मोजणाऱ्या ग्रिडवर, झोन ४३ उत्तर, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, पिक्सेल ३० बाय ३०, रिसॅम्पलिंग बायलिनिअर, म्हणजे नव्या पिक्सेलचा आकडा जवळच्या जुन्या पिक्सेलच्या सरासरीने. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि आस्पेक्टमधे ते लवकर कळतही नाही. डेटा अंशांत आणि उंची मीटरमधे ठेवून जुन्या जीडालवर स्लोप काढला की सगळीकडे ९० च्या जवळचे आकडे येतात आणि चूक लगेच दिसते, पण आस्पेक्ट मात्र दिसायला बरा येतो. आपल्या २१ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा साधारण ७ टक्के आखूड आहे, त्यामुळे दिशा जास्तीत जास्त दोनेक अंश हलते. आपल्या कामाला चालून जाईल हो, पण हिमालयाकडे ती चूक वाढते, तर सवय चांगलीच लावावी. आणि खान्देशाचं नशीब असं की झोन ४३ ची मधली रेघ, ७५ रेखांश, अमळनेर-चाळीसगावाजवळूनच जाते, म्हणून ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यात आपल्याकडे फरक जवळजवळ नाहीच.

मग मुख्य कमांड, जीडालडेम आस्पेक्ट, पुढे इनपुट, पुढे आउटपुट. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. धुळ्याच्या मित्राने हेच ग्रास या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे केलं आणि आमचे आकडे जुळेचना, फोनवर तासभर गेला. ग्रास पूर्वेपासून उलट्या दिशेने मोजतं, तिथे उत्तर ९० आणि पश्चिम १८०, आणि ० म्हणजे सपाट. जीडालडेमलाही ट्रिगोनोमेट्रिक ऑप्शन दिला की तसंच उलटं मोजतं. कोणाचीही फाइल हातात आली की आधी हे विचारा.

आता माझी चूक, ती नीट सांगतो. सपाट जागी दिशा नसते म्हणून जीडालडेम तिथे उणे ९९९९ टाकतं. मला नकाशात भोकं नको होती म्हणून मी झिरो-फॉर-फ्लॅट हा ऑप्शन लावला, तो सपाट जागी ० टाकतो, आणि ० म्हणजे तर उत्तर. तापीकाठची ती सगळी काळी सपाट जमीन ठिपक्या-ठिपक्यांनी उत्तराभिमुख झाली. आणि पटलंही मला, कारण तापीच्या दक्षिणेची जमीन खरंच हळूहळू उत्तरेला, नदीकडे उतरते, गिरणा-वाघूर उगाच तिकडे जात नाहीत. पण उत्तर काठाच्या आपल्या शेतांतही तेच ठिपके होते. बाकीच्या सपाट पिक्सेलवरही भरवसा नाही, कारण एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमधे असते, एका मीटरच्या पायरीवरून दिशा ठरते, मग आकडे ०, ४५, ९० असे ठरावीक जागीच गोळा होतात. आता मी आधी स्लोप काढतो आणि ३ अंशांपेक्षा कमी उतार असेल तिथे नकाशा कोराच ठेवतो.

दुसरी चूक मोठी होती. प्रत्येक ओहोळाच्या पाणलोटाला एकच आकडा द्यायचा म्हणून मी आस्पेक्टची सरळ सरासरी काढली. प्रिंट घेऊन डिसेंबरात गावातल्या आबांसोबत टेकडीवर गेलो, एका उतारावर नकाशा म्हणत होता दक्षिण, भरपूर ऊन. आबा वाकले, गवतावरून हात फिरवला, ओला तळवा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "आठे तं दुपारपावत दव ऱ्हास भो, ऊन कठे लागस?" समोरच्या उतारावरचं गवत पिवळं पडून कडकड वाजत होतं, अंजन आणि सलई तेवढी उभी, आणि आम्ही उभे होतो तिथे पायाखाली माती अजून दबत होती. रात्री आकडे उघडून बघितले. त्या उताराचे अर्धे पिक्सेल ३५० च्या आसपास, अर्धे १० च्या आसपास, दोन्ही उत्तरच, पण सरासरी १८०. उत्तरेची दक्षिण झाली होती, आणि आबा नसते तर उन्हातली रोपं आम्ही तिथे लावली असती.

कोनाची सरासरी अशी काढायचीच नाही. जीडालकॅल्कने आस्पेक्टचा साइन आणि कोसाइन असे दोन रास्टर, म्हणजे पिक्सेलचे नकाशे, काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची, मग आर्कटॅन-टू ने परत कोन. कोसाइन तर नुसताच कामाचा आहे, १ म्हणजे पूर्ण उत्तर, उणे १ म्हणजे पूर्ण दक्षिण. याच कारणाने आस्पेक्टची फाइल नंतर बायलिनिअरने वॉर्प करू नका, जे काय वॉर्प करायचं ते उंचीचं करा. आठ दिशांचे गट करायचे तर कोनात २२.५ मिळवा, ४५ ने भागा, पूर्णांक घ्या आणि ८ ने भागून बाकी काढा, म्हणजे ३५० आणि १० दोन्ही ० गटात, उत्तरेतच बसतात. रंग देताना कलर-रिलीफच्या फाइलमधे ० आणि ३६० ला एकच रंग.

नकाशा नीट झाल्यावर जे दिसलं त्याने मी खरंच थांबून बघत बसलो. मला वाटायचं सातपुड्याची खान्देशाकडची बाजू म्हणजे सगळी दक्षिण, सगळी उन्हाची. तसं नाही. मोठे नाले उत्तरेकडून खाली तापीकडे येतात म्हणून त्यांच्या काठांचे उतार उगवती-मावळतीला तोंड करून आहेत, आणि त्यांना आडवे येऊन मिळणारे ओहोळ आहेत त्यांचा एक काठ दक्षिणेचा, एक उत्तरेचा. गावाच्या मागे असे सहा थंड काठ निघाले.

एक मात्र लक्षात ठेवा, उत्तर-दक्षिणचा फरक हिवाळ्याचा आहे. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य ४५-४६ अंशांवरच असतो, पण मे अखेरीस तो डोक्यावर येतो आणि तेव्हा दुपारी दोन्ही काठ सारखेच भाजतात. उन्हाळ्यात त्रास मावळतीकडच्या उताराला, दिवसभर तापलेल्या हवेत वरून तिरपं ऊन. म्हणून रोपांसाठी आम्ही आधी उत्तरेचे काठ घेतले, मग उगवतीचे. सहापैकी चार काठांवर खड्डे झालेत. पाचव्यावर आबांनी नकाशावर पेन्सिलने एक झरा काढून दिलाय, ३० मीटरच्या पिक्सेलमधे तो दिसत नाही, तो उद्या जीपीएसने घेऊन येतो.