उभा मॉनिटर

प्रोग्रामचा कोड खाली वाढतो, बाजूला नाही. तरी आपण तो आडव्या पडद्यावर लिहितो, कारण बाजारात पडदा मिळतो तो टीव्हीच्या मापाचा, १६ बाय ९. नीटनेटक्या कोडची ओळ ऐंशी-शंभर अक्षरांत संपते. ऐंशीचा हा दंडक आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डातल्या (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डातल्या) ८० रकान्यांपासून चालत आलेला. उरलेला अर्धा पडदा रिकामाच.

आपल्या पोथ्यांचंही असंच. ताडपत्र लांबट, म्हणून पान लांबट. पुढे कागद आला तरी पोथीने आकार सोडला नाही. गंमत म्हणजे १९७३ साली झेरॉक्सने बनवलेल्या आल्टो संगणकाचा पडदा उभाच होता, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा, छापील पानासारखा.

मॉनिटर उभा केला की खरी चैन लॉग, म्हणजे प्रोग्रामने चालताना केलेल्या नोंदी, वाचताना कळते. जावा या भाषेतल्या प्रोग्रामचा एरर वर दिसतो आणि मूळ दुखणं सांगणारी ‘कॉज्ड बाय’ची ओळ पार खाली असते. आडव्या पडद्यावर मधल्या ओळी सरकवता सरकवता वरचं काय होतं ते विसरायला होतं. इथे दोन्ही टोकं बऱ्याचदा एकदम नजरेसमोर. उलट जुना-नवा कोड शेजारी शेजारी लावून पाहायचा तर १०८० पिक्सेलच्या रुंदीत दोघांचीही घुसमट. मग तो एकाखाली एक बघायचा.

मानेचं मात्र जपावं. चोवीस इंचीची लांब बाजू साधारण ५३ सेंटिमीटर. स्टँड अगदी खाली आणावा लागतो, नाहीतर एडिटरचे टॅब बघायला दिवसभर मान वर. पॅनल आयपीएस प्रकारचंच घ्यावं, ते बाजूनेही सारखंच दिसतं. स्वस्तातलं टीएन प्रकारचं फिरवलं तर डाव्या-उजव्या डोळ्याला रंग वेगवेगळे दिसतात. विंडोजवर अक्षरांच्या कडाही जरा फिसकटतात, कारण अक्षरं गुळगुळीत करण्याचा हिशेब पडद्याचे लाल-हिरवे-निळे ठिपके शेजारी शेजारी आहेत असं धरून केलेला. मॉनिटर फिरवल्यावर ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

हे सगळं चालवून घेता येतं. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पूर्वी फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, एका स्क्रीनमध्ये मावेनासं झालं की तोडायची लाज तरी वाटायची. आता टीममधला एक पठ्ठ्या दीडशे ओळींचं फंक्शन बिनधास्त रिव्ह्यूला, म्हणजे इतरांनी तपासायला, पाठवतो. तोड म्हटलं तर म्हणतो, “कशाला? माझ्याकडे एका स्क्रीनवर दिसतंय की!” दिसणारच. सत्तावीस इंची फोर-के, तोही उभा, आणि फॉन्ट आठचा.