ओळखीचे गिऱ्हाईक आणि वहीतला दुसरा रकाना

बँकेच्या काउंटरमागे ३४ वर्षे बसलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. लोकांनी आपल्याकडे यायचे असते, आपण लोकांकडे जायचे नसते, असे त्याला मनोमन वाटू लागते. वयाच्या ६१व्या वर्षी मी आणि सौ.ने पुण्यात राहत्या घरी भाजणी आणि मेतकुटाचा छोटा उद्योग सुरू केला, तेव्हा धान्य निवडण्यापासून दळून आणण्यापर्यंतचे सगळे खाते तिने स्वतःकडे ठेवले आणि मला ‘तुम्ही विका’ एवढेच सांगितले. त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला मला दीड वर्ष लागले.

पहिले सहा महिने विक्री उत्तम होती. नातेवाईक, सोसायटीतील मंडळी, बँकेतील जुने सहकारी असे सगळे मिळून वहीत ९२ नावे झाली आणि मी खूश होतो. मग जुन्या सवयीने एके दिवशी खतावणी करायला बसलो आणि नावांसमोर दुसरा रकाना आखला. मी फोन न करता, आठवण न देता ज्यांनी पुन्हा माल मागवला, त्यांच्यापुढे त्यात खूण करायची होती. खुणा झाल्या ११. उरलेल्या ८१ जणांनी भाजणी घेतली नव्हती, माझी भीड राखली होती. या वयात धंदा सुरू करणाऱ्याच्या ओळखी भरपूर असतात, आणि त्याची फसगतही नेमकी त्यांच्यामुळेच होते, कारण ओळखीचा माणूस पैसे देतो पण तक्रार सांगत नाही.

तक्रार आली ती एका अनोळखी बाईंची. थालीपीठ थापताना चिरते, भाजणी चांगली नाही, असे त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले. सौ.ने विचारपूस केली तेव्हा कळले, की त्या थंड पाण्यात पीठ भिजवून लगेच थापायला घेत होत्या. कोमट पाणी घ्या, भिजवलेले पीठ पंधरा मिनिटे झाकून ठेवा आणि ओल्या फडक्यावर थापा, असे तिने सांगितले. आठवड्याने त्याच बाईंनी दोन किलो भाजणी मागवली. आमच्या वयाच्या माणसांना वाटते, की थालीपीठ कसे करावे हे काय सांगायचे? पण नोकरीसाठी घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींना ते कोणी शिकवलेलेच नसते. तेव्हापासून प्रत्येक पाकिटात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कृती छापलेली असते. माझ्या मते आजवर केलेल्या जाहिरातींपैकी कामी आलेली हीच.

मधल्या काळात समाजमाध्यमांवर पैसे देऊन एक जाहिरातही केली होती. उत्साहाच्या भरात ती सबंध महाराष्ट्रासाठी लावली, दोन हजार रुपये घातले आणि शेकडो ‘लाइक’च्या बदल्यात तीन मागण्या मिळाल्या. त्याच सुमारास जाहिरातीचे काम करणाऱ्या एका तरुणाने सुचवले, की पाकिटावर आम्हा दोघांचे छायाचित्र आणि ‘आजीच्या हातची चव’ हे शब्द टाकावेत. सौ. म्हणाली, “मी आजी आहे ती माझ्या नातवाची. आणि केस पिकले म्हणून भाजणी खमंग होते का?” विषय तिथेच संपला. आमच्या पाकिटावर दर्शनी बाजूस घटक आणि दळल्याची तारीख ठळक असते. तारीख चार दिवसांपूर्वीची दिसली, की वेगळे काही सांगावे लागत नाही.

खरा उपयोग झाला व्हॉट्सॲप बिझनेसचा. त्यात मालाची यादी छायाचित्रांसह आणि किमतींसह लावता येते, हे खरेच; पण मला अधिक आवडली ती ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्याच्या सोयीची, अट. एका यादीत २५६ माणसे बसतात आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणजे निरोप कोणाला मिळावा हे गिऱ्हाईकच ठरवते. मी रोज सुप्रभात पाठवत नाही. आषाढी एकादशी आणि नवरात्राच्या दहा दिवस आधी उपवासाच्या भाजणीचा, पावसाळा लागला की मऊ भाताबरोबरच्या मेतकुटाचा आणि दसरा झाल्यावर चकलीच्या भाजणीचा, असे वर्षभरात जेमतेम सहा-सात संदेश जातात. चकलीच्या भाजणीचा संदेश दिवाळीच्या आठवड्यात पाठवणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे सजवणे, हे पहिल्या वर्षीच्या उरलेल्या वीस किलो पिठाने शिकवले.

कागदपत्रांचे फारसे ओझे नव्हते. तेव्हाच्या नियमानुसार वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली. मात्र राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, म्हणून बंगळुरूच्या मागण्या आम्ही नम्रपणे नाकारतो. मग तिथून मागवणाऱ्या मुलामुलींचे आईवडील इथून पाकिटे घेऊन जातात.

सगळ्यात जड गेले ते पैसे मागणे. कर्जाची थकबाकी वसूल करताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती, कारण ते पैसे बँकेचे होते. स्वतःच्या मालाचे १८० रुपये मागताना मात्र ‘राहू द्या, नंतर बघू’ असे तोंडातून निघून जाई, आणि ते नंतर कधी येतच नसे. शेवटी मुलीने दाराजवळच्या टेबलावर क्यूआर कोडची चौकट आणून ठेवली. आता पैसे मी मागत नाही, ती चौकट मागते. गिऱ्हाईकही तिच्याकडे बघून मुकाट्याने फोन काढते.

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तुला हातभार म्हणून दहा पाकिटे पाठव, म्हणाला. मी त्याला पन्नास ग्रॅमचा नमुना आणि कृतीचा कागद पाठवला आणि आधी थालीपीठ खाऊन बघ, असे सांगितले. तो जरा दुखावला असावा. त्याचे नाव वहीत आहे, पण दुसऱ्या रकान्यात त्याच्यापुढे अजून खूण झालेली नाही.