पुष्यानुगाच्या आधी सोनोग्राफी

मागच्या श्रावणात ओपीडी संपत आली होती, तेवढ्यात एक मावशी सुनेला घेऊन आल्या. वय 59, पाळी जाऊन आठ वर्षं झालेली. "डॉक्टरीणबाई, वारीत चालून उष्णता झालीय, अंगावर लाल जातंय, थंड काहीतरी द्या." सून मागून हळूच म्हणाली, वारीच्या आधीपासूनच चालू आहे, चार महिने कुणाच्यातरी सांगण्यावरून अशोकारिष्ट (जास्त रक्त जाण्यावरचं आयुर्वेदिक औषध) घेतायत.

चार महिने! ऐकूनच पोटात गोळा आला. वजन 84, शुगर बीपी दोन्ही, पापण्या आतून पांढऱ्याफटक. आता मी आयुर्वेदाचीच, असृग्दरात, म्हणजे अंगावरून जास्त रक्त जातं तेव्हा, पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणातून कितीतरी जणींना दिलंय आणि गुण आलेला बघितलाय, पण त्या पाळी चालू असलेल्या. सुश्रुतांनीच पन्नाशीला रज क्षीण होतं असं सांगितलंय, मग साठीच्या तोंडावर जाणारं रक्त ही पाळी नाहीच ना, आणि ते कुठून येतंय हे न बघता स्तंभन, म्हणजे रक्त थांबवणारं औषध, दिलं तर रक्त थांबेल पण आतला आजार वाढत राहील. अशा साधारण दहा बायकांत एकीला गर्भाशयाचा कॅन्सर निघतो. सुनेला बाहेर नेऊन सगळं सांगितलं, मावशींना म्हटलं औषध देणार, पण आधी सोनोग्राफी. रुसल्याच त्या, "म्हंजे तुमी बी पिशवीच काढायला लावणार."

गर्भाशयाचं अस्तर 13 मिमी निघालं (या वयात रक्त जात असताना 4 च्या वर असेल तर तपासावंच लागतं), हिमोग्लोबिन 7.8. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना मीच फोन केला, त्यांनी दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस, ते मी कसे काढले माझं मला माहीत. हायपरप्लेझिया, अ‍ॅटिपिया नाही, म्हणजे अस्तर वाढलंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत. तीनदा वाचला तो कागद.

पिशवी काढावी लागली नाही. मॅडमनी आत मिरेना (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी, तांबीसारखी वस्तू) बसवली, मी धात्री लोह (आवळा आणि लोहाचं औषध), मूग, ज्वारीची भाकरी, रात्रीचं जेवण सातच्या आत यावर लागले. शतावरी मुद्दाम टाळली, तिचं काम इस्ट्रोजेनसारखं होत असेल अशी शंका असताना या अस्तरावर मला ती नकोच होती. माघात परत तुकडा तपासला, साफ! हिमोग्लोबिन 11, वजन सहा किलो कमी.

दुसरी तपासणी यंदाच्या वारीनंतर आहे, तारीख मी माझ्याच डायरीत लिहून ठेवलीय, कारण रक्त थांबल्यावर मावशी विसरणार.