तुम्ही विचारलंत म्हणून: दाखवणार काय?

गेली दोन वर्षं मी दादासाहेब फाळक्यांवर माहितीपट करतोय, हे नाशकात आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. पोट लग्नाच्या शूटिंगवर चालतं, त्यामुळे मांडवात ओळखी भरपूर. अक्षता पडल्या, पंगत बसली की कुणीतरी जवळ येऊन तोच प्रश्न टाकतं: ‘फाळके गेले, त्यांच्या फिल्मा गेल्या, मग तू पडद्यावर दाखवणार काय?’ आजवर हसून वेळ मारून नेली. पण काका, परवा तुम्ही खुर्ची ओढून, समोर बसून विचारलंत, म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रश्न रास्तच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं चार, त्यातली पहिली आणि शेवटची तेवढी उरली. तीसुद्धा १९१३ ची, की नाशकात आल्यावर १९१७ मध्ये त्यांनी नव्याने काढलेल्या हरिश्चंद्राची, यावर जाणकारांत वाद आहे. ‘लंकादहन’चे तुकडे आहेत. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचला. त्यात कृष्ण झालेली त्यांची लेक मंदाकिनी बघताना मी दर वेळी माहितीपट विसरतो. बाकीचं बहुतेक सगळं तेव्हाच्या नाइट्रेटच्या फिल्मबरोबर गेलं. ती नुसती ठेवली तरी चिकट होते, मग तिची भुकटी होते. आणि पेटली तर पाण्यातही विझत नाही.

अशा वेळी सोपी वाट म्हणजे एखाद्या नटाला कोट-टोपी चढवायची, चित्राला पिवळसर रंग मारायचा आणि मागे सनई लावायची. आमच्या धंद्यातल्या मित्रांनी सुचवलंही. मला ते जमत नाही. कारण हा माणूस स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहून गेलाय. ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची छोटी फिल्म त्यांनी काढली होती, तिचे तुकडे आहेत. त्यात ते नटांना सांगताना, फिल्म हाताळताना दिसतात. पौराणिक चमत्कारांनी लोकांना वेड लावणारा माणूस आपल्याच चमत्कारांमागची मोरी-चूल उघडी करून दाखवतो. ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांतही तेच, सगळा खटाटोप सांगून टाकलाय. त्यांच्यासमोर माझा नट काय दिवे लावणार!

मग ठरवलं, त्यांचा चेहरा नको, त्यांचं काम करून बघायचं.

पहिलं काम वाटाण्याचं. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि एकेक चौकट (फ्रेम) घेत त्याचा वेल होईपर्यंतची फिल्म केली. पैसे घालणाऱ्यांना पटवायला ती दाखवली. मीही डिसेंबरात गच्चीवर कुंडी ठेवली. रोज सकाळी त्याच वेळेला एकच चौकट. ऊन सरकतं, ढग येतो, वारा सुटला की कोंब हलतो. तीन मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास उभं राहावं लागतं, हे तेव्हा कळलं. अकराव्या दिवशी आईने गोधडी वाळत घालायला कुंडी उचलून पलीकडे ठेवली. ‘तुझं झाडच आहे ना, कुठेही उगवेल की!’ फिल्ममध्ये वाटाणा त्या जागी टुणकन उडी मारतो. ती उडी मी काढलेली नाही.

दुसरं काम भोकांचं. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांना ती पुढे ओढायला कडेची भोकं लागतात, म्हणून फाळक्यांनी लंडनहून भोकं पाडायचं यंत्रही आणलं. ते चालवायच्या सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी. दादरच्या घरात, रात्री, फिल्मला उजेड लागू नये म्हणून अंधारात. दिवसा त्याच बाई कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या. दागिनेही त्यांचेच गहाण पडले होते.

मी हिशेब मांडला. एका फुटात १६ चौकटी, एका चौकटीला प्रत्येक कडेला ४ भोकं, म्हणजे दोन्ही कडा मिळून फुटाला १२८. ‘हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. गुणाकार ४,७३,६०० वर गेला. ही फक्त पडद्यावर दिसणाऱ्या एका प्रतीची भोकं. निगेटिव्हची वेगळी, वाया गेलेल्या फिल्मची वेगळी. यंत्र एका दाबाला एक पाडो की चार, पट्टी सरकवणारा हात तोच.

तसलं यंत्र माझ्याकडे कुठलं! कागदाला भोक पाडायचा साधा पंच आणि कागदाची लांब पट्टी आईच्या हातात दिली, स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावल्या, दिवा घालवला आणि माइक चालू केला. खट्. कागद सरकल्याचा आवाज. खट्. थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘रोज बसायची का रे ती?’ म्हटलं, बहुतेक. परत खट्, खट्. मग अंधारातूनच, ‘आणि सकाळी उठून डाळ कोण शिजत घालायचं?’ मी उत्तर दिलं नाही, तर तिनेच दिलं, ‘तीच, अजून कोण.’

तर काका, दाखवणार आहे ते हे. पूर्ण दोन मिनिटं काळा पडदा आणि तो आवाज. आईचं बोलणं ठेवायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये. मागच्या आठवड्यात घरीच दहा-बारा जणांना कच्चा कट दाखवला. पडदा काळा झाल्यावर पंधरा-वीस सेकंदांतच मागून एक जण उठला आणि प्रोजेक्टरची वायर हलवून बघायला लागला. त्याला आईने हाताला धरून खाली बसवलं.