तुम्ही विचारलंत म्हणून : लख्ख ऊन पडलेले असताना विमानाला उशीर का होतो?

विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे ज्या खोलीत बसून दिवसभर उडणाऱ्या विमानांचा, वैमानिकांचा आणि वेळापत्रकाचा मेळ घातला जातो तिथे, मी नोकरी केली आहे हे कळले की लग्नकार्यात असो वा सोसायटीच्या सभेत, एक प्रश्न हमखास येतो. पुण्यात लख्ख ऊन होते, पाऊस नव्हता, धुके नव्हते. मग दिल्लीचे विमान सुटायला दीड तास उशीर कशाचा, आणि मोबाईलवर आलेल्या संदेशात 'ऑपरेशनल कारणास्तव' यापलीकडे एक अक्षर का नाही? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते: कंपनी काहीतरी लपवते आहे, नाहीतर दोन अर्ध्या रिकाम्या विमानांतले प्रवासी एकात कोंबण्याचा तिचा बेत आहे. असे कधी घडतच नाही असे मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा खरे कारण इतके रंजक नसते. तुमचा उशीर तुमच्या विमानतळावर जन्मलेलाच नसतो. तो सकाळी भलत्याच शहरात झालेला असतो आणि विमानात बसून तुमच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

प्रवाशाच्या दृष्टीने पुणे–दिल्ली हा एक प्रवास असतो. कंपनीच्या दृष्टीने ती एका विमानाच्या दिवसातली पाचवी फेरी असते. देशांतर्गत मार्गांवरचे एअरबस ए-320 सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. समजा ते मुंबईहून दिल्लीला गेले, दिल्लीहून नागपूर, नागपूरहून बंगळूर, बंगळूरहून पुणे आणि दुपारी चारच्या सुमारास तुम्हाला घेऊन पुन्हा दिल्ली. प्रत्येक थांब्यावर त्याला जमिनीवर तीस-चाळीस मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात सुमारे 180 प्रवासी उतरतात, आसनांमधला कचरा उचलला जातो, खाण्याच्या ट्रॉल्या बदलतात, इंधन भरले जाते, पोटातले सामान रिकामे होऊन नवे चढते, अभियंता विमानाभोवती फिरून चाके, इंजिने आणि पंख पाहतो, वजनाचा ताळा मांडलेली लोडशीट कॅप्टनच्या हाती येते आणि नवे 180 प्रवासी आपापल्या डोक्यावरच्या कप्प्यात जागा शोधत बसतात. सगळे सुरळीत पार पडले तर विमान वेळेवर निघते. सकाळी दिल्लीत 25 मिनिटे वाया गेली तर ती परत मिळवायला पुढच्या दिवसात फारशी जागा ठेवलेली नसते. उलट नागपूरला दहा, बंगळूरला पंधरा अशी भर पडत पुण्यात पोहोचेपर्यंत त्यांचा जवळजवळ तास झालेला असतो.

उशिरा सुटलेल्या प्रत्येक उड्डाणापुढे कारणाचा आकडा लिहावा लागतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी दोन अंकी संकेत ठरवून दिले आहेत आणि त्यांतला 93 हा आकडा आमच्या कानांना इतका सरावाचा असतो की घरी दूधवाल्याला उशीर झाला तरी तोच तोंडात येतो. 93 म्हणजे 'याच विमानाचे आधीचे उड्डाण उशिरा आले'. हे कारण शंभर टक्के खरे असते आणि त्यातून काहीही कळत नाही. पुण्याच्या उड्डाणापुढे 93, म्हणून बंगळूरचे उड्डाण पाहावे तर तिथेही 93, नागपूरलाही 93. सकाळच्या बैठकीत आदल्या दिवसाच्या नोंदी मागे मागे उलगडत न्यायच्या आणि पहिला, निराळा आकडा सापडेपर्यंत थांबायचे नाही, हे आमच्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम. तो आकडा सापडला की बहुधा हसू येते, कारण मूळ गोष्ट इतकी किरकोळ असते.

उदाहरणार्थ, दिल्लीत एका प्रवाशाने सामान सोपवले, बोर्डिंग पास घेतला आणि तो कॉफी पीत कुठेतरी बसून राहिला. नावाचा पुकारा झाला, फाटक बंद झाले, तरी तो आला नाही. आता त्याला सोडून जाता येते, पण त्याची बॅग घेऊन जाता येत नाही. पोटातल्या शे-दीडशे बॅगांतून ती शोधून खाली उतरवावी लागते. प्रवाशांना हा निव्वळ आडमुठेपणा वाटतो. या नियमामागे 23 जून 1985 हा दिवस आहे. एअर इंडियाचे 'कनिष्क' त्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने कोसळले आणि त्यातले सर्व 329 जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती बॅग ज्याच्या नावावर चढली होती तो माणूस विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर मालकाविना सामान न नेण्याचा दंडक जगभर कडक झाला. तेव्हा दिल्लीतल्या एका कॉफीची किंमत पुण्यातले प्रवासी दुपारी मोजतात, आणि त्या वेळेपर्यंत कॉफी पिणारा दुसऱ्या विमानाने घरीही पोहोचलेला असतो.

मूळ कारणांत मुंबईचा वाटा मोठा असतो आणि त्याचे कारण जमिनीतच आहे. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात; त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करता येत नाही आणि व्यवहारात ते एका धावपट्टीचेच विमानतळ ठरते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासात 46 च्या आसपास विमाने चढतात-उतरतात, म्हणजे दर ऐंशी सेकंदांना साधारण एक. दिवसभरात हजाराहून अधिक विमाने हाताळण्याचा विक्रमही याच पट्टीच्या नावावर आहे. ही वाहतूक नियंत्रकांच्या कौशल्याची कमाल आहे यात शंका नाही, पण अशा कसरतीत चुकायला जागा उरत नाही. एखाद्या वैमानिकाला धावपट्टीवर पक्षी दिसला आणि त्याने उतरणे रद्द करून पुन्हा फेरी मारली, की मागच्या सगळ्यांची मिनिटे सरकतात. गंमत अशी की पावसाळ्यापूर्वी दर मे महिन्यात एका दिवशी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 दोन्ही धावपट्ट्या डागडुजीसाठी बंद ठेवतात आणि त्या सहा तासांचा बोभाटा होत नाही, कारण तारीख कित्येक महिने आधी जाहीर झालेली असते आणि वेळापत्रक तसे आखलेले असते. अचानक बंद पडलेली सहा मिनिटे मात्र रात्रीपर्यंत पुरतात.

मुंबईवर अशी गर्दी झाली की पूर्वी विमाने आकाशात घिरट्या घालत आणि इंधन जाळत. आता दिल्लीतल्या मध्यवर्ती केंद्रातून देशभरच्या वाहतुकीचा ओघ आखला जातो आणि मुंबईकडे निघालेल्या विमानाला त्याच्या मूळ गावीच थांबवून उड्डाणाची नेमकी वेळ दिली जाते. नागपूरला निरभ्र आकाशाखाली दरवाजे बंद करून विमान अर्धा तास उभे राहते ते यासाठी. वर फिरण्यापेक्षा खाली थांबणे स्वस्त आणि सुरक्षित आहे, हे मला पटते. पण आत बसलेल्यांना खिडकीतून मुंबईची गर्दी दिसत नाही, आणि कॅप्टनने स्वतः दोन वाक्ये बोलून ती दाखवली नाही तर त्यांनी चिडण्यात मला काही वावगे वाटत नाही.

काही विमानतळांवर तर घड्याळच दुसऱ्याच्या हाती असते. पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे आहे, गोव्यातले दाभोळी नौदलाचे. दाभोळीला कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात. सकाळी लवकर पोहोचायचे विमान थोडे रेंगाळले तर 'थोडे उशिरा' उतरण्याची सोय तिथे नसते. ते थेट दुपारवर जाते. गोव्यातले दुसरे विमानतळ, मोपा, 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून गोव्याला जाणाऱ्यांना निदान पर्याय मिळाला.

मग दुसरे विमान का आणत नाहीत, हा पुढचा प्रश्न. कारण दुसरे विमान नसते. भाड्याने घेतलेल्या ए-320 चे महिन्याचे भाडे काही कोटी रुपयांत जाते आणि ते विमान उडो वा न उडो, द्यावेच लागते. भारतातल्या तिकिटांचे दर पाहता, एक विमान केवळ अडीनडीसाठी मुंबईत उभे ठेवण्याचा खर्च कोणाला परवडत नाही. एखादे ठेवलेच तर ते मुंबईत असते आणि बिघाड गुवाहाटीत होतो. तुम्हाला स्वस्त मिळालेले तिकीट आणि न मिळालेले जादा विमान यांचा हिशेब एकच आहे, हे लोकांना सांगितले की ते मला कंपनीचा माणूस समजतात. नियंत्रण कक्षाच्या हातात उरते ती अदलाबदल: कोलकात्याला जायचे विमान पुण्याला द्यायचे, पुण्याचे उशिराचे विमान कोलकात्याला लावायचे आणि एकाच्या दीड तासाऐवजी दोघांना पाऊण-पाऊण तास उशीर करायचा. कोलकात्याच्या प्रवाशांना आपल्यावर हा अन्याय झाल्याचे कधीच कळत नाही.

विमान आहे, आकाश मोकळे आहे, तरीही उड्डाण होत नाही, असे झाले तर बहुधा वैमानिकांची ड्युटी संपलेली असते. दिवसभरात किती तास काम, किती उतरणे, त्यानंतर किती विश्रांती हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवते. मर्यादा ओलांडणार असेल तर वैमानिकाला नाही म्हणावेच लागते, मग राखीव वैमानिक घरून निघून येईपर्यंत तास-दीड तास जातो. नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळेत विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आणली. त्यांचा शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. पुढच्याच महिन्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि देशातली साठ टक्क्यांहून अधिक वाहतूक एकाच कंपनीकडे असल्याने लोकांना दुसरीकडे जायलाही जागा उरली नाही. सरकारने मग नियमांतून तात्पुरती सूट दिली. नियम 2024 च्या जानेवारीत जाहीर झाले होते; तयारीला वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. माणसांचे वेळापत्रकही विमानांइतकेच आवळून बांधले की काय होते ते त्या आठवड्यात सर्वांनी पाहिले. थकलेल्या वैमानिकाने उडायला नकार दिल्यामुळे झालेला उशीर हा एकच उशीर असा आहे की ज्याबद्दल मी कधीही दिलगिरी व्यक्त करणार नाही.

दिलगिरी व्यक्त करावी अशी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे हप्त्याहप्त्याने सांगितला जाणारा उशीर: आधी वीस मिनिटे, मग चाळीस, मग दीड तास. यात काही अंशी प्रामाणिक अज्ञान असते, कारण अभियंत्याने उघडलेल्या झाकणाखाली काय निघेल हे त्यालाही आधी ठाऊक नसते. पण त्यात हिशेबही असतो. दोन तास एकदम जाहीर केले की प्रवासी पांगतात, आणि बिघाड तासाभरात दुरुस्त झाला तर त्यांना पुन्हा गोळा करण्यात तो वाचलेला वेळ जातो. म्हणून आशावादी आकडा सांगण्याकडे कल असतो. कामाच्या सोयीसाठी ही पद्धत समजण्यासारखी असली तरी माझ्या मते ती चुकीची आहे. माणूस दोन तास थांबायला तयार असतो, फसवले जायला नसतो.

अर्ध्या रिकाम्या विमानांची शंका राहिली. दोन उड्डाणे एकत्र करणे घडते, पण लोक समजतात तितके नाही, कारण विमान तुमच्यासाठीच जाते असे नसते. पलीकडच्या शहरात भरलेले परतीचे उड्डाण त्याची वाट पाहत असते आणि हे विमान रिकामे का होईना, तिथे पोहोचावेच लागते.

याउलट, वेळेआधी पोहोचल्याची अभिमानाने होणारी घोषणा जरा जपूनच ऐकावी. मुंबई–दिल्ली अंतर विमान हवेत पावणेदोन तासांच्या आसपास कापते. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या जवळपासची वेळ छापलेली असते. त्यात जमिनीवर फिरण्याचा वेळ धरलेला असतो आणि थोडा जादा वेळही भरलेला असतो. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वक्तशीरपणाच्या आकडेवारीत उशीर म्हणून मोजलाच जात नाही.

हे सगळे ऐकून 'मग आम्ही काय करावे' असे कोणी विचारले तर माझे सांगणे ठरलेले आहे. महत्त्वाचे काम असेल तर दिवसाचे पहिले विमान घ्यावे, कारण ते रात्रभर तिथेच उभे असते आणि त्याच्यामागे 93 नसतो. फक्त डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे हा सल्ला उलटतो, तेव्हा दुपार बरी. दुसऱ्या दिवशी मुलाखत किंवा परीक्षा असेल तर आदल्या रात्रीच्या शेवटच्या विमानावर विसंबू नये. आपले विमान आता कुठे आहे हे मार्ग दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर दिसते. ते अजून बंगळूरलाच असेल तर फलकावर 'वेळेवर' लिहिलेले असले तरी घरून निवांत निघायला हरकत नाही, मात्र काउंटर बंद होण्याची वेळ मूळ वेळापत्रकाचीच धरावी. आणि अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर खाण्यापिण्याची सोय, तर सहा तासांहून अधिक होणार असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत, हे डीजीसीएच्या नियमांत आहे. काउंटरवरचा मुलगा ते आपणहून क्वचित सांगतो. त्याला शांतपणे विचारावे; त्या दिवशी त्याच्याशी शांतपणे बोलणारे बहुधा तुम्ही पहिलेच असता, आणि कूपन लवकर मिळते.